उन्हानं शिजवलेलं ताट

मे महिन्याच्या सुट्टीत हैदराबादला घरी गेले आणि दुसऱ्याच दिवशी शाळेतल्या ग्रुपवर एक फोटो येऊन पडला. लांबट लाकडी फळी, तिच्यावर गुलाबाच्या पाकळ्यांसारखे गुंडाळलेले मांसाचे गुलाबी काप, चीजचे त्रिकोण, काळी द्राक्षं, ऑलिव्ह, मधाची बुटकी बाटली. खाली मजकूर : ‘आपल्या भेटीला असं करू या. थीम समर!’ सगळ्यांनी अंगठे दाखवले आणि काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी मुंबईला शिकते म्हणजे मला हे येत असणार. (मुंबईच्या होस्टेलात मी फक्त मॅगी करते. तीही शेजारणीच्या किटलीत.)

या फळीला शार्कुटरी बोर्ड म्हणतात. गेल्या काही वर्षांत इन्स्टाग्रामवर तो इतका दिसतो की आपल्याकडे वाढदिवसालाही मागवतात. मी दोन दिवस वाचलं, व्हिडिओ पाहिले, आणि माझ्या लक्षात आलं की फोटोतलं यातलं काहीच आपल्याला जमणार नाही. आम्ही बाराजण जमणार होतो. दोघं बेगम बाजारातल्या जैन घरातले, तिघं मुसलमान, दोघी तेलुगू ब्राह्मण घरातल्या, आणि बाकी आम्ही काचीगुडा-कोठीकडची मराठी मंडळी. त्यातही कोणी बाहेर खातं पण घरी नाही, कोणी शनिवार पाळतं. आणि फोटोतलं ते गुलाबी मांस जवळजवळ सगळं डुकराचं.

ते तसंच असतं, कारण या प्रकाराचा जन्मच डुकराच्या मांसातून झाला. शार्कुटरी हा फ्रेंच शब्द. ‘शेर’ म्हणजे मांस आणि ‘क्युइ’ म्हणजे शिजवलेलं. पंधराव्या शतकात पॅरिसमध्ये शिजवलेलं, खारवलेलं डुकराचं मांस विकणाऱ्यांचा वेगळा धंदा मान्य झाला. ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात मांस चालायचं नाही, तेव्हा हेच लोक खारवलेले मासे विकायचे. म्हणजे फळीवरचा तो सगळा थाट मुळात टिकवण्याच्या धडपडीतून आलेला आहे. फ्रीज नव्हता, जनावर एकदम कापलं जायचं, आणि वर्षभर पुरवायचं असायचं.

टिकवण्याची युक्ती जगात सगळीकडे एकच. ताज्या मांसात वजनाच्या जवळजवळ तीन-चतुर्थांश पाणी असतं. जंतूंना वाढायला हे पाणी लागतं. मीठ लावलं की ते पाणी बाहेर ओढलं जातं, उरलेलं मिठाशी बांधलं जातं, आणि जंतू उपाशी राहतात. मग हवेत टांगून, धूर देऊन किंवा उन्हात घालून आणखी पाणी काढायचं. आपल्या लोणच्यात, पापडात, सुकटीत हाच हिशेब चालतो.

फरक ऋतूचा. युरोपात डुकरं कापायची ती थंडीच्या तोंडाशी. 11 नोव्हेंबरला संत मार्टिनचा सण, त्या सुमाराला. थंडीमुळे मांस नासत नाही आणि मीठ आतपर्यंत मुरायला आठवडे मिळतात. तळघराच्या गारव्यात ते हळूहळू वाळतं. म्हणजे शार्कुटरी हे हिवाळ्याचं काम आहे. ते आपण हैदराबादच्या मे महिन्यात, पारा चाळिशीला टेकलेला असताना, गच्चीवर मांडायला निघालो होतो! अमेरिकेच्या कृषी खात्याचा साधा नियम आहे : नासणारं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, आणि 32 अंशांच्या वर एकच तास. आमच्या गप्पा एका तासात संपत नाहीत. पहिल्या तासात तर निम्मे लोक पोचतही नाहीत.

मी हे सगळं स्वयंपाकघरात बडबडत होते तेव्हा आजी गच्चीवरून खाली आली. डोक्यावर पदर, हातात काठी. कुरडया वाळत होत्या, कावळे हाकून आली होती. म्हणाली, “उन्हाचं काय रडतीस? उन्हाचंच कर की.”

एवढं झालं आणि थीम ठरली. वाळवण.

आता हे मी थोडं सविस्तर सांगते, कारण करायला सोपं आहे आणि तुमच्या घरी निम्मं आधीच डब्यांत भरलेलं असणार. फळीवर काय काय लागतं ते बघायचं आणि प्रत्येकाच्या जागी आपल्याकडचं काय बसतं ते शोधायचं. पावाच्या किंवा बिस्किटाच्या जागी ज्वारीची कडक भाकरी. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे ती पापडासारखी पातळ थापून, भाजून, वाळवून ठेवतात. तुकडा मोडला की कट् आवाज येतो. ऑलिव्हच्या जागी कैरीच्या लोणच्याच्या फोडी, खार निथळवून. द्राक्षांच्या जागी बेदाणे. सांगलीकडचा बेदाणा उन्हात नाही, शेडच्या सावलीत वाळतो, पण थीमच्या नावाखाली मी तेवढं चालवून घेतलं. जॅमच्या जागी साखरांबा. शिवाय तेलुगू लोकांची मामिडी तांड्रा, म्हणजे आपली आंबापोळी, थरावर थर वाळवलेली. तिच्या पट्ट्या कापून गुंडाळल्या की फोटोतल्या गुलाबांपेक्षा चांगली फुलं होतात. चीजच्या जागी घट्ट चक्का, त्यात मीठ आणि भाजलेलं जिरं. हा एकच पदार्थ नासणारा. म्हणून तो मातीच्या कुंड्यात, खाली बर्फाची परात ठेवून, आणि थोडा थोडाच बाहेर आणायचा.

आणि मुख्य म्हणजे तळण. कुरडई, बाजरीच्या खारोड्या, सांडगी मिरची, सांडगे. कुरडईला कष्ट फार. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, रात्रभर बसू द्यायचा, वरचं पाणी ओतून चीक शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून कापडावर पाडायचा. तीन दिवसांत गहू आंबतो, म्हणून कुरडईला ती हलकी आंबूस चव येते. खारोड्यांना आंबवण लागत नाही : बाजरीचा भरडा शिजवायचा, तीळ, लसूण, मिरची घालून बोटांनी तोडून टाकायचा. जैन मित्रांसाठी आजीनं एक घाणा बिनलसणाचा केला आणि खुणेला त्या खारोड्यांना मुठीचा आकार दिला. सांडगी मिरचीची चुलत बहीण आंध्र-तेलंगणात घरोघरी असते : मिरच्या ताकात भिजवायच्या, दिवसा वाळवायच्या, रात्री पुन्हा त्याच ताकात टाकायच्या. वरच्या मजल्यावरच्या आंटींनी वाटीभर दिल्या.

इथपर्यंत सगळं सोपं होतं. शाकाहारी वाळवणाचं कौतुक करायला कोणाची हरकत नसते. पण शार्कुटरी म्हणजे मांस, आणि मला मांसाची जागा रिकामी सोडायची नव्हती. पनीर तळून तिथे ठेवलं की सगळ्यांची सोय होते हे खरं, पण मग त्याला शार्कुटरी कशाला म्हणायचं? आणि आपल्याकडे वाळवलेलं मांस नाही असं थोडंच आहे? गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत चोरीस असतं : मीठ, व्हिनेगर आणि लाल मिरचीत मुरवलेलं डुकराचं मांस आतड्यात भरून वाळवलेलं. तिथं पावसाळ्याआधी करायच्या बेगमीला ‘पुरुमेंत’ म्हणतात, आणि मडगावला त्याच नावाची जत्राही भरते. वसईच्या किनाऱ्यावर बोंबील दोऱ्यांवर टांगलेले असतात, त्यांची आठवण नाकालाही राहते.

हैदराबादचं म्हणाल तर सूखा गोश्त. जुन्या शहरात बकरीद झाली की गच्च्यांवर दोऱ्या बांधल्या जातात. कुर्बानीचं मांस एकाच दिवशी घरात येतं, वाटून उरलेलं टिकवायचं असतं. गेली काही वर्षं बकरीद मे-जूनमध्येच येते आहे, त्यामुळे ऊनही हाताशी असतं. मांसाच्या लांब पट्ट्या करतात, मीठ, हळद, आलं-लसूण लावतात आणि कडकडीत वाळवतात. मग वर्षभर खट्टी दाल आणि भाताबरोबर तळून. माझ्या मैत्रिणीच्या खालांना फोन केला तर त्या म्हणाल्या, “ये धूप का काम है बेटा, चूल्हे का नइ.” तोच शब्द पुन्हा समोर आला. शिजवलेलं मांस, फक्त उन्हानं.

मी कौतुकानं हे आजीला सांगायला गेले. ती गप्प बसली. मग म्हणाली, “आपल्यात चान्या म्हणतात.”

मला हा शब्द घरात ऐकलेला होता, पण पदार्थ म्हणून कधी समोर आलेला नव्हता. आमचं मूळ जालन्याकडचं. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवलं, तेव्हापासून त्या भागात ख्रिस्ती वस्ती आहे. आजोबा रेल्वेच्या नोकरीनं हैदराबादला आले. 1956 पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात आणि मग हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे इकडे येणं म्हणजे परमुलखात जाणं वाटायचं नाही. जालना, परभणी, नांदेड, निजामाबाद करत गाडी सिकंदराबादला येते, आणि त्या गाडीनं दर उन्हाळ्यात गावाकडून पत्र्याचा डबा यायचा. आजी म्हणाली, “वरून कुरडया, खाली चान्या. डबा उघडला तर शेजारणीला कुरडयाच दिसाव्या.”

चान्या म्हणजे वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या. मराठवाड्यातल्या महार-मांग वस्त्यांत हे पिढ्यान् पिढ्या चालत आलं. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक 2015 साली आलं. मराठवाड्यातल्या दलित घरांतलं खाणं त्यात कृतींसह लिहिलं आहे. आपल्या ग्रंथालयात असेल तर जरूर वाचा, नसेल तर मागवायला सांगा. त्या पुस्तकाच्या नावातच सगळा वाद आहे. जे अन्न ‘पूर्णब्रह्म’ म्हणून पाटावर वाढलं जातं, त्यात यांचं ताट कधी धरलंच गेलं नाही.

कृती युरोपातल्यासारखीच, मागचं कारण वेगळं. गावातलं मेलेलं जनावर ओढून नेणं हे काम जातीनं लादलेलं होतं, आणि त्याचं मांस हाच त्याचा मोबदला. एका दिवसात एवढं मांस खाऊन संपणार नाही, दुसऱ्या दिवशी टिकणार नाही. मग मीठ आणि ऊन. 1927 च्या महाड परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचं मांस सोडा असं सांगितलं, ते याच लाचारीतून सुटण्यासाठी. म्हणून आजी चान्या लपवायची त्यामागे नुसती शेजारणीची भीती नव्हती. आमच्या घरांतही त्याबद्दल दोन मनं होती आणि आहेत. बाप्तिस्मा झाला, आडनाव बदललं, डब्याचा तळ तसाच राहिला.

मला हे फळीवर हवं होतं. मटणाचं करायचं, हलाल दुकानातलं, म्हणजे आमच्यातल्या सातजणांना तरी चालेल. आजीला पटेना. “कामून ठेवतीस ते चारचौघांत?” मग थोड्या वेळानं, “ठेवायचंच तर वरून कुरडया लाव.”

तरी करायला तीच बसली, कारण माझ्या सुरीला पट्टी साधेना. मांडीचं बिनहाडाचं मटण एक किलो. चरबी सगळी काढून टाकायची, ती वाळत नाही आणि खवट होते. धाग्याच्या दिशेनं लांब कापायचं, करंगळीच्या निम्म्या जाडीचं. जाड राहिलं तर बाहेरून कडक आणि आतून ओलं राहतं, आणि तिथंच ते बिघडतं. आजी मुठीनं मीठ घालते, मी वजन करून 40 ग्रॅम घातलं. चमचाभर हळद. दोन तास मुरवून, सुटलेलं पाणी टाकून, सुतळीवर एकमेकांना न चिकटता टांगलं, भोवती मच्छरदाणीचं कापड. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, रात्री आत. हैदराबादचं मेमधलं दुपारचं ऊन कोरडं असतं म्हणून जमतं. मुंबईच्या दमट हवेत हे करू नका, बुरशी येईल. दुसऱ्या दिवशी चार वाजता आभाळ भरून आलं आणि आम्ही दोघींनी पळत सुतळ्या सोडल्या, तेवढी एक धावपळ. तिसऱ्या दिवशी पट्टी वाकवली तर मोडली. झालं. किलोचे 300 ग्रॅमच्या थोडे वर भरले.

एक गोष्ट लक्षात ठेवा : इटलीतलं महिनोन् महिने मुरवलेलं मांस तसंच कापून खातात, आपलं तसं नाही. हे तळून किंवा निखाऱ्यावर भाजूनच खायचं. आजी भाजून, खलबत्त्यात जरा ठेचून, वरून लिंबू पिळते.

आता मांडणी. बोर्ड विकत आणायची गरज नाही. आमच्याकडे सागवानी पाट होते, तीन घेतले, घासून धुऊन उन्हात तापवले. व्हिडिओंत सगळं एकमेकांवर ओतलेलं, भरगच्च दाखवतात, पण आपल्या बैठकीला ते चालत नाही. ज्याला लसूण चालत नाही त्याच्या खारोडीला चान्या टेकली तर त्यानं खायचं काय? पहिला पाट बिनलसणाचा, दुसरा बाकी शाकाहारी, तिसरा मांसाचा. मध्ये हातभर अंतर. प्रत्येक पाटाला वेगळा चिमटा. हे पाळणं म्हणजे मागासलेपण असं मला वाटत नाही. दुसऱ्याच्या जेवणाची काळजी घेणं वेगळं आणि स्वतःचं जेवण फडक्याखाली झाकणं वेगळं, एवढंच माझं म्हणणं होतं. म्हणून तिन्ही पाट एका रांगेत, एकाच सतरंजीवर, आणि प्रत्येक पदार्थासमोर नावाची चिठ्ठी. ‘सूखा गोश्त’ आणि ‘चान्या’ शेजारी शेजारी. सूखा गोश्त खालांच्या घरून आलेला.

पाटावर आधी वाट्या ठेवायच्या, म्हणजे ओलं सगळं वाटीत अडकतं : लोणचं, साखरांबा, कारळ्याची चटणी तेल घालून. मग कडक भाकरीचे तुकडे उभे लावायचे. मग सुकं गोड. तळण अगदी शेवटी, पाहुणे जिन्यात असताना. कुरकुरीत आणि ओलं शेजारी ठेवलं की अर्ध्या तासात सगळं मऊ. फटी भाजलेल्या शेंगदाण्यांनी बुजवायच्या. एका कोपऱ्यात मी उस्मानिया बिस्किटं ठेवली. ती थीममध्ये बसत नाहीत, पण त्यांच्याशिवाय हैदराबादेत लोक रागावतात. प्यायला पन्हं, आणि बर्फात ताडगोळे. त्यांचं वेगळं सांगायला नको.

संध्याकाळ चांगली झाली. तीन तास बसलो, काहीही नासलं नाही. बिनलसणाचा पाट सगळ्यात आधी संपला, कारण त्यावर सगळ्यांचाच हात चालत होता. सूखा गोश्त आणि चान्या यांतला फरक ओळखायची पैज लागली. आलं-लसणाच्या वासानं खालांचा लगेच ओळखू आला. एका मराठी मैत्रिणीनं चिठ्ठी वाचली, मला हळूच विचारलं, मी सांगितलं. ती ‘अच्छा’ म्हणाली आणि आंबापोळीकडे वळली. तिनं काढलेला पाटांचा फोटो रात्री तिच्या स्टोरीवर दिसला. फार सुंदर आलाय. त्यात दोनच पाट आहेत. मी मेसेज केला तर म्हणाली, “घरचे बघतात गं.” मी त्यावर काही लिहिलं नाही. आमच्या डब्यातही वरून कुरडयाच असायच्या.

उरलेल्या आठ पट्ट्या आजीनं बरणीत भरल्या. एक भाजून खाल्ली, बराच वेळ चावली. म्हणाली, मीठ जास्त झालंय, वजनकाट्यानं कुठं स्वयंपाक होतो का. पुढच्या वेळी किलोला तीसच ग्रॅम.